हातसडीच्या तांदळाचा रंग

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस गेले की सावली गावाच्या आसपासच्या धानाच्या बांध्यांतलं पाणी पार उतरतं. चिखलाला भेगा पडू लागतात. सकाळी दार उघडलं की कापलेल्या धानाचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो, ओलसर आणि किंचित गोड. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून पसरलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या असतात, दुपारी त्यांचे भारे बांधले जातात आणि चार दिवसांत शेताच्या कोपऱ्यात भाऱ्यांचे ढीग, म्हणजे पुंजणे, उभे राहतात. याच दिवसांत मला दरवर्षी एक छोटंसं काम असतं. नव्या तांदळाचा फोटो काढायचा आणि वेबसाइटवरचा जुना फोटो बदलायचा. दहा मिनिटांचं काम. पण त्यासाठी लॅपटॉप उघडला की रंगांची ती फाईल समोर येते आणि मी तिथेच रेंगाळते. फाईलच्या सुरुवातीला पाचच ओळी आहेत. त्या पाच ओळी लिहिताना एक अख्खा हंगाम गेला होता.

माझे अब्बा पेंटर. सावलीत त्यांना नावानं फार कमी लोक ओळखतात, सगळे पेंटरभाऊच म्हणतात. शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची नावं, लग्नघराच्या दारावरचा गणपती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आले तेव्हा पाट्यांचं काम निम्म्यानं गेलं. तरी भिंती आणि पत्रे उरले. घरात आम्ही हिंदी बोलतो, पण अब्बा रंगाविषयी बोलायचे ते मराठीत, कारण ज्यांच्याकडे ते कामाला शिकले ते उस्ताद मराठी होते. हात बसला तो मराठीत, असं ते म्हणत.

मी लहान असताना ते दुपारच्या उन्हात पायरीवर पांढऱ्या वस्तू मांडायचे. मीठ, चुना, कापसाचं बोंड, शंख, वाटीभर दूध. मग मला विचारायचे, यातलं सगळ्यात पांढरं कोणतं. मी चुना म्हणायचे. ते म्हणायचे, नीट पाहा, चुना थोडा निळा आहे, कापूस थोडा पिवळा आहे, शंखात गुलाबी आहे. मी पाहत राहायचे आणि खरंच थोड्या वेळानं शंखातला गुलाबी दिसू लागायचा. पांढरा म्हणून एकच रंग नसतो हे मला शाळेत जायच्या आधी माहीत झालं होतं.

मी चंद्रपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि परत आले. सकाळी एका क्लासमध्ये मुलींना टायपिंग शिकवायचे आणि दुपारी घरी बसून वेबसाइट बनवायला शिकायचे. व्हिडिओ पाहून, चुकत, पुन्हा करत. माझं पहिलं खरं काम आलं ते कुसुमबाईंकडून. सावलीपासून सहा-सात किलोमीटरवर त्यांचं गाव, घरची धानाची शेती. गावातल्या बारा बायांचा त्यांचा गट होता. त्या जुन्या वाणाचं धान लावत, उखळात कांडत आणि हातसडीचा तांदूळ पिशव्यांत भरून विकत. नागपूरची गिऱ्हाइकं फोनवर विचारत, तुमची वेबसाइट आहे का. कुसुमबाईंनी ती काय असते ते त्यांच्या भाचीला विचारलं आणि भाचीनं माझं नाव सांगितलं.

मी एक तयार थीम घेतली. थीम म्हणजे वेबसाइटचा बांधून दिलेला साचा, मजकूर आपला आणि मांडणी त्यांची. तिचे रंग निळा आणि नारिंगी होते. मला ते स्वच्छ आणि शहाणे वाटले. लॅपटॉप घेऊन मी गावात गेले, समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमल्या. कुसुमबाईंनी पदरानं चष्मा पुसला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बँकेवानी दिसते."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. कर्ज मागायला आल्यासारखं वाटतं, असं एकीचं म्हणणं पडलं. मी विचारलं, मग कसं हवं. त्यांनी ओट्यापलीकडच्या बांधीकडे हात केला. धान तेव्हा निसवलं होतं, वरच्या लोंब्या जड होऊन वाकू लागल्या होत्या, खालची पात हिरवी होती. हे दिसू दे, एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी थीमची रंगांची फाईल उघडली. तिला सीएसएस म्हणतात. पानावरचं काय कुठल्या रंगात, किती मोठं, किती अंतरावर दिसायचं, ते त्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. रंगाला नाव नसतं, सहा अक्षरांचा एक क्रमांक असतो. मी निळ्याचा क्रमांक जिथे जिथे दिसला तिथे तिथे खोडला आणि हिरव्याचा लिहिला. मथळे हिरवे झाले, बटणं पिकल्या धानासारखी पिवळी झाली. अब्बा मागे उभे राहून पाहत होते. रंगाला क्रमांक असतो याचं त्यांना नवल वाटलं नाही, रंगाच्या कंपनीच्या कार्डावरही असतो म्हणाले. पण डबा न उघडता रंग बदलतो याचं त्यांना फार कौतुक वाटलं. कुसुमबाईंनी फोनवर पाहून पसंती कळवली. मला वाटलं, झालं काम.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या चंद्रपूरला एका प्रदर्शनात तांदळाच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. एका बाईंना त्यांनी अभिमानानं वेबसाइट दाखवायला घेतली, तर पुन्हा तीच बँक. निळी आणि नारिंगी. त्या रागावल्या नव्हत्या. फक्त विचारत होत्या की मी काऊन बदललं, हिरवं चांगलं तर होतं. मी काहीच बदललं नव्हतं. लॅपटॉप उघडल्यावर कळलं, थीम बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती पाठवली होती आणि मी आदल्या दिवशी अपडेटचं बटण दाबलं होतं. नव्या फाईली आल्या, जुन्या पुसल्या गेल्या आणि जुन्यांसोबत माझा सगळा हिरवा रंगही गेला. मी तो दुसरीकडे कुठेही लिहून ठेवला नव्हता.

त्या दिवशी मी जेवले नाही. अम्मी म्हणाली, एवढं काय, रंगच तर आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या एका बाईला मी अनोळखी माणसांसमोर गोंधळात टाकलं होतं, ते मनातून जात नव्हतं. मग वेबसाइट लोकांसाठी बंद करून ठेवली, दोन दिवस शोधलं आणि चाइल्ड थीम सापडली. मूळ थीमला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी एक छोटं फोल्डर करायचं, त्यात आपली एक सीएसएस फाईल ठेवायची, वर लिहायचं की आपली मूळ थीम अमुक. मग वेबसाइट आधी मूळ थीम वाचते आणि नंतर आपली फाईल, आणि जिथे दोघींचं जमत नाही तिथे आपलं ऐकते. मूळ थीम कितीदाही अपडेट झाली तरी शेजारच्या फोल्डरला धक्का लागत नाही. पहिल्यांदा मी मूळ थीमचं नाव एका अक्षरानं चुकवलं आणि ती ओळखच देईना. अक्षर दुरुस्त केलं, चालू झाली. या वेळी मी रंग पानभर विखरून ठेवले नाहीत. फाईलच्या सुरुवातीला पाच ओळी लिहिल्या, पाच रंगांना नावं दिली: बांधी, लोंबी, तूस, कोंडा आणि तांदूळ. खाली सगळीकडे फक्त ही नावं. वर एका ठिकाणी क्रमांक बदलला की सगळीकडे बदलणार.

कापणी सुरू झाली होती. मी स्कूटीवर अब्बांना मागे बसवून कुसुमबाईंच्या गावाला निघाले, शाळेच्या भिंतीचं काही काम होतं त्यांचं. रस्त्यात एका ठिकाणी उशिरा लावलेलं धान अजून हिरवं उभं होतं. अब्बा म्हणाले, हे अजून काऊन कापलं नाही, पिवळं तर झालं. मी हसले. त्यांच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप आली असेल असं वाटलं आणि मी ते विसरून गेले.

नवा हिरवा पाहून कुसुमबाई खूश झाल्या. पण आता त्यांची नजर तयार झाली होती. त्यांनी मूठभर तांदूळ आणून लॅपटॉपशेजारी ओट्यावर पसरला. हातसडीचा तांदूळ दुकानातल्यासारखा शुभ्र नसतो. त्याच्यावर कोंड्याचा पातळ थर राहतो, कुठे तांबूस, कुठे पिवळट. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या तांदळाची सारी ओळखच ही आहे, आणि तुझं पान मागून पांढरंफटक आहे. लोकांना पहिल्यांदा तेच दिसतं. मला पटलं. पाचवी ओळ, तांदूळ नावाची, मी सहा वेळा एफ अशी लिहिली होती. सहा एफ म्हणजे शुद्ध पांढरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ पायरीवर घेतला आणि त्याच्याजवळ जाणारा एक रंग तयार केला. मग पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी ठेवली, एक शुद्ध पांढरं आणि एक हे तांदळाच्या अंगाचं. अब्बांना बोलावलं. हा जास्त पिवळा झाला का तेवढं सांगा म्हटलं.

ते खाली बसले. डोळे बारीक केले, मान मागे नेली, पुन्हा पुढे आणली. मला वाटलं, फार बारकाईनं पाहून राहिले आहेत. मग ते म्हणाले, "दोन्ही एकच तं हायेत, बेटा."

मला वाटलं, पडद्यावर ऊन पडलंय. मी लॅपटॉप सावलीत वळवला. ते पुन्हा म्हणाले, एकच आहेत. मी उजव्या पानाचा रंग आणखी गडद केला, इतका की मला तो चहाच्या डागासारखा दिसू लागला. अब्बा पडद्याऐवजी स्वतःच्या हातांकडे पाहू लागले. त्यावरून मला कळलं की त्यांना अजूनही दिसत नाहीये आणि त्यांनाही कळलं की मला कळलं.

पायरी तीच होती. मीठ आणि शंख त्यांनी मला तिथेच दाखवले होते.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दीड-दोन वर्षं झाली होती. आधी वाटलं धूळ आहे, मग वाटलं चष्म्याचा नंबर बदललाय. गडद निळा आणि काळा वेगळे दिसेनासे झाले. ते डब्यावरची अक्षरं वाचून रंग घेऊ लागले. डब्याची पट्टी पुसली गेली असेल तर ते काम आज नको म्हणून टाळत. अम्मीला साडीचा रंग सांगताना आधी तिलाच विचारत, तुला कसा वाटतो. मी त्याच घरात राहत होते. रोज त्यांच्या हातून चहा घेत होते. आणि मला त्यांच्या नजरेतला बिघाड एका वेबसाइटच्या पार्श्वभूमीवरून कळला, याची लाज मला अजून वाटते.

मूल गावच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि लगेच सांगितलं, मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. अगदी साधं ऑपरेशन आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात होईल. मी परतीच्या वाटेवर आनंदात होते. अब्बा नव्हते. घरी आल्यावर त्यांनी ब्रशांचा डबा कपाटावर ठेवला आणि सांगितलं की आता रंगाचं मला विचारत जाऊ नको. ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जात. अम्मीनं समजावलं, मी समजावलं. शेवटी एकदा त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "आता अर्धं तरी दिसून राह्यलं. हात थरथरला कोनाचा, अन् तेबी गेलं तं? मले दुसरं काही येत नाई."

माझ्याकडे इंटरनेटवर वाचलेली कितीतरी वाक्यं होती, पण ती या माणसाच्या उपयोगाची नव्हती. मी पाचवी ओळ तशीच ठेवली. वेबसाइट लोकांसाठी उघडली नाही.

धान चुरून झालं, मळणी संपली. गावागावांत कांडणं सुरू झालं. एका सकाळी कुसुमबाई एसटीनं आमच्या घरी आल्या, हातात नव्या तांदळाची पिशवी. वेबसाइट का उघडत नाही ते विचारायला आल्या होत्या. मी काही बोलायच्या आत अम्मीनं सगळं सांगून टाकलं. अब्बा अंगणात खाटेवर बसले होते, ऐकत होते. कुसुमबाई त्यांच्यासमोर बांबूच्या मोढ्यावर बसल्या. धीराचं वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, आता ती तांदळातले खडे स्वतः निवडते, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, "पेंटरभाऊ, आमचा तांदूळ पांढरा नाई हे तुमाले दिसल्याबिगर दुकान उघडाचं नाई. मी बायाईले तसं सांगतो. तुमी जाऊन या. तवरोक आमी कांडून राह्यलो."

त्या गेल्या. अब्बांनी पिशवीतून मूठभर तांदूळ काढला, तळहातावर फिरवला, नाकाजवळ नेला. संध्याकाळी त्यांनी अम्मीला विचारलं, चंद्रपूरला जायचं तर कोणती एसटी बरी पडेल.

ऑपरेशनला वीस मिनिटंही लागली नाहीत. मी बाहेर बाकावर बसले होते. शेजारी एटापल्लीकडून आलेली एक म्हातारी आणि तिचा मुलगा होता. मुलगा आईशी गोंडीत हळू आवाजात बोलत होता, बहुधा मी अब्बांना जे सांगत होते तेच. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अब्बांनी पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीकडे. मग अम्मीच्या ओढणीकडे. ती जांभळी होती. दोन वर्षं ते तिला कत्थई समजत होते. तिच्याकडे पाहतच राहिले, इतके की अम्मी लाजली आणि तिनं ओढणी सारखी केली. मग त्यांनी एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. डाव्यातून सगळं चहा सांडल्यासारखं दिसतं आणि उजव्यातून धुतल्यासारखं, असं ते नर्सबाईंना सांगत होते. मला म्हणाले, आभाळ एवढं निळं होतं हे मी विसरलोच होतो.

घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्यांनी काळा चष्मा लावून, थेंब टाकून, चरफडत काढले. ते संपले त्या दुपारी स्वतःच लॅपटॉप मागितला. मी पुन्हा दोन पानं शेजारी ठेवली. ते क्षणभर पाहून म्हणाले, उजवीकडचं फार पिवळं झालंय, हा काही तांदूळ नाही, हा डाळीचा रंग आहे. मी खाली मान घातली, कारण डोळे भरले होते. मग पाचवी ओळ उघडली. मी क्रमांक बदलायचे, पान पुन्हा उघडायचे, ते तळहातावरचा तांदूळ बघायचे आणि सांगायचे, थोडं कमी. अजून. नाही, आता मेला. थोडा तांबूस घाल. अकरा-बारा वेळा झालं असेल. सहा अक्षरांतलं शेवटचं अक्षर मी एक घर मागे नेलं तेव्हा ते म्हणाले, थांब. मी थांबले. त्यांनी तांदळाचे चार दाणे पडद्यावर धरले. दाणे पानात मिसळून गेल्यासारखे दिसले.

वेबसाइट आम्ही कुसुमबाईंच्या ओट्यावर उघडली. बाया आळीपाळीनं फोन हातात घेत होत्या. बँकेचं नाव कोणी काढलं नाही. कुसुमबाईंनी मागच्या रंगावरून बोट फिरवलं, जणू कोंडा बोटाला लागतो का पाहत होत्या, आणि म्हणाल्या, हे आमचं. पहिली मागणी आठवड्यानं आली, वरोऱ्याच्या एका शिक्षिकेची. तिनं लिहिलं होतं, फोटोतला तांदूळ खरा वाटला म्हणून मागवते आहे.

त्यानंतर मूळ थीम कितीदा अपडेट झाली त्याचा हिशेब नाही. शेजारच्या फोल्डरातल्या पाच ओळी जागेवर आहेत. अब्बांचा दुसरा डोळाही पुढच्या उन्हाळ्यात झाला, या वेळी समजवावं लागलं नाही. त्या ओळींत मी कधी बदल केला तर त्यांना विचारून करते आणि ते माझ्याहून कडक आहेत.

पण त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेबसाइटचं नाही. नजर आल्यावर अब्बा रोज सकाळी फिरायला जाऊ लागले आणि परत आले की एका वहीत काहीतरी लिहीत. मला वाटलं, औषधाच्या वेळा असतील. एकदा वही उघडी राहिली. त्यात दुकानांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एक-दोन शब्द. इथे काळा, निळा हवा. इथे पांढऱ्यात पिवळा. इथे अक्षरांची सावली चुकली. मागच्या दोन वर्षांत अंधुक डोळ्यांनी रंगवलेली प्रत्येक पाटी ते पुन्हा पाहून येत होते.

पौषाच्या कोवळ्या उन्हात आम्ही पहिल्या पाटीपाशी शिडी नेली. शिंपीकाम करणाऱ्या एका काकांचं दुकान. त्यांनी मशीनवरून मान वर केली आणि काय झालं ते विचारलं. अब्बांनी सांगितलं, तुम्ही निळी अक्षरं सांगितली होती, माझ्याकडून काळी झाली, ती बदलून देतो. काका पाटीकडे पाहत राहिले. त्यांना त्यात काहीच चूक दिसत नव्हती. म्हणाले, "राहू द्या ना पेंटरभाऊ. दोन वर्षांत कोनी बोललं नाई. कोनाले समजून राह्यलं?"

अब्बांनी शिडीचा पाय जमिनीवर घट्ट बसवला, वर चढले आणि पहिल्या अक्षराच्या कडेला ब्रश टेकवला.

"मले," ते म्हणाले.